नवा पार्ट टाकल्यावर घरचा कॉम्प्युटर चालू होत नसेल तर

नवी रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड बसवलं, कॅबिनेटचं झाकण लावलं, बटण दाबलं आणि डिस्प्लेच येईना. अशा वेळी आजूबाजूला दोन सल्ले लगेच मिळतात. एक म्हणजे "बोर्ड उडाला असणार", आणि दुसरा "फॉरमॅट मारा". दोन्ही ऐकण्याआधी हा लेख शेजारी उघडा ठेवा आणि एकेक पायरी करून बघा.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ओळखीच्या घरांतले कॉम्प्युटर मी बरीच वर्षं जोडत आणि दुरुस्त करत आले आहे. अपग्रेडनंतर बंद पडलेल्या बहुतेक मशिनींत एकही पार्ट जळालेला नसतो. एखादी केबल लावायची राहिलेली असते, रॅम एका बाजूने वर असते, नाहीतर बोर्डाच्या बायोसला (मशीन सुरू करणारा बोर्डावरचाच प्रोग्राम) नवा प्रोसेसर ओळखता येत नसतो. सध्या असे प्रसंग वाढलेत, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे पाच-सात वर्षांपूर्वीची मशीन घरोघरी उघडली जाते आहे.

आपल्याकडे एक अडचण जास्तीची आहे. कुठल्या पार्टचं सर्व्हिस सेंटर हुबळीला, कुठल्याचं कोल्हापूरला, तर काहींसाठी थेट पुणे किंवा बेंगळुरू. अथणीहून किंवा जांबोटीहून कॅबिनेट घेऊन एसटीने निघायचं आणि तिथे कळायचं की आठ पिनांची केबलच लावलेली नव्हती, हे टाळायचं आहे. त्यासाठी एकच पद्धत उपयोगी पडते: जिथपर्यंत सगळं नीट चालत होतं तिथपर्यंत मागे जायचं आणि तिथून एका वेळी एकच गोष्ट बदलत पुढे यायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

हाताशी काय ठेवायचं

- फुलीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर (टोकाला चुंबक असेल तर बरं)
- मोबाइलची टॉर्च आणि कॅमेरा
- पांढरा खोडरबर, कोरडा मऊ ब्रश
- १६ किंवा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह
- सीआर२०३२ चा नवा सेल (बोर्डावरचा नाण्याएवढा सेल हाच असतो)
- मदरबोर्डाचं मॅन्युअल. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या वेबसाइटवरून मोबाइलमध्ये उतरवून घ्या. बोर्डाचं मॉडेल बोर्डावरच छापलेलं असतं
- शक्य असेल तर साधा मल्टिमीटर
- कागदपत्रं: प्रत्येक पार्टचं जीएसटी बिल, वॉरंटी कार्ड, सीरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो, रिकामे खोके
- बिटलॉकरची (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की. ही का लागते ते दहाव्या पायरीत सांगितलं आहे, पण मशीन अजून चालू असतानाच हा लेख वाचत असाल तर आत्ताच लिहून ठेवा

कॅबिनेट उघडण्यापूर्वी मागची पॉवर केबल पूर्ण काढा आणि पुढचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या सप्लायचा, डबा मात्र कधीच उघडू नका. केबल काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो. जानेवारी ते मार्चच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, तेव्हा कोणत्याही पार्टला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा, आणि लोकरी स्वेटर घालून हे काम करू नका.

१. नेमकं काय होतंय ते लिहा

"चालू होत नाही" एवढं पुरेसं नाही. खालीलपैकी तुमचा प्रकार कोणता ते ठरवा, कारण पुढची अर्धी शोधाशोध त्यावरूनच वाचते.

क) काहीच नाही. पंखा नाही, दिवा नाही. दुसऱ्या, चौथ्या आणि नवव्या पायरीकडे लक्ष द्या.

ख) पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो, किंवा आपोआप चालू-बंद होत राहतं. चौथी, पाचवी आणि सातवी.

ग) पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन काळीच. हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. पाचवी, सहावी, सातवी.

घ) बोर्डाच्या कंपनीचा लोगो येतो, बायोस उघडतं, पण विंडोज येत नाही. सरळ दहाव्या पायरीवर जा, हार्डवेअर उचकटत बसू नका.

बऱ्याच नव्या बोर्डांवर कडेला चार बारीक दिवे असतात आणि त्यांच्याजवळ सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट अशी अक्षरं असतात. मशीन जिथे अडकते तो दिवा लागून राहतो. जुन्या बोर्डावर दिवे नसतील तर छोटा बझर मिळतो, तो बोर्डावरच्या स्पीकरच्या पिनांवर लावा आणि बीप मोजा. बीपचा अर्थ बोर्डागणिक बदलतो, म्हणून तो मॅन्युअलमध्येच बघा. इंटरनेटवरच्या कुठल्याही तक्त्यावरून ठरवू नका.

२. लाईट, यूपीएस आणि अर्थिंग

आपल्या भागात ही पायरी वगळून चालत नाही. यूपीएस बाजूला ठेवा आणि मशीन थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून बघा. घरात सर्रास असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. बॅटरी जुनी झाली असेल तर तेवढेही नाही. उदाहरणच घ्यायचं तर आरटीएक्स ३०६० हे कार्ड एकटं १७० वॅटपर्यंत घेतं. त्यात प्रोसेसर आणि मॉनिटर धरला की लाईट गेल्या क्षणी यूपीएस पिप् करून बंद पडतो आणि वाटतं की नवं कार्डच खराब निघालं.

एसएमपीएसच्या मागचं बटण चालू बाजूला आहे का बघा. जुन्या डब्यांवर ११५ आणि २३० असा लाल खटका असतो, तो २३० वरच हवा. आता डब्यावरची पाटी वाचा. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त डब्यांवर मोठ्या अक्षरात "५०० वॅट" असतं, पण खरी ताकद १२ व्होल्टच्या रकान्यात दिसते. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. नवं कार्ड आणि प्रोसेसर दोघांना तेवढ्यात भागवावं लागतं. आरटीएक्स ३०६० साठी कंपनी ५५० वॅटचा चांगला सप्लाय सुचवते. पाटीवर इनपुटची रेंजही बघा. १०० ते २४० व्होल्ट असेल तर संध्याकाळी उसाच्या पट्ट्यात पंप सुरू झाल्यावर व्होल्टेज उतरलं तरी मशीन टिकते. २०० पासून पुढे असेल तर अशा वेळी ती आपोआप रीस्टार्ट होऊ शकते.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही. ते आधी वायरमनकडून करून घ्या. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण मागे तिसरी वायरच नसते. अशा ठिकाणी महागडं कार्ड लावणं मला पटत नाही.

३. नवा पार्ट काढा आणि जुना परत लावा

सगळ्यात जास्त लोक टाळतात ती हीच पायरी, कारण नवीन वस्तू काढायची इच्छा होत नाही. तरीही करा. जुनी रॅम, जुनं कार्ड, जुना प्रोसेसर जसा होता तसा परत लावा आणि बटण दाबा.

जुन्या पार्टवर मशीन चालू झाली तर मोठा दिलासा आहे. बोर्ड, सप्लाय आणि डिस्क शाबूत आहेत. आता शोध फक्त नव्या पार्टपुरता आणि तो बसवण्यापुरता उरला. जुन्या पार्टवरही चालू झाली नाही, तर बसवताना काहीतरी हललं आहे. ते बहुतेक वेळा केबल किंवा रॅम असते.

एकाच दिवशी रॅम, कार्ड आणि एसएसडी तिन्ही बदलले असतील तर तिन्ही काढा. मग एक लावा, चालू करून बघा, बंद करा, केबल काढा आणि दुसरा लावा. वेळ लागतो, पण दोषी कोण हे यातूनच नक्की कळतं.

४. वीज पोचवणाऱ्या केबली

बोर्डाच्या उजव्या कडेला २४ पिनांची रुंद केबल असते. ती बसली असं वाटतं, पण खटका लागलेला नसतो. दोन्ही बाजूंनी सारखा दाब देऊन टक् असा आवाज येईपर्यंत दाबा.

दुसरी केबल प्रोसेसरजवळ, बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असते. ही चार किंवा आठ पिनांची असते आणि कॅबिनेटच्या काठाखाली लपल्यामुळे हमखास राहून जाते. ती नसली तर पंखे फिरतात पण बाकी काही होत नाही. आठ पिनांची प्रोसेसरची केबल चार अधिक चार अशी फुटते, ग्राफिक्स कार्डाची सहा अधिक दोन अशी. दिसायला सारख्या असल्या तरी आतली जोडणी उलटी असते. जबरदस्तीने एकीची जागा दुसरीला देऊ नका, त्यात बोर्ड खरोखर जळतो. मॉड्युलर सप्लाय (ज्याच्या केबली डब्यापासून काढता येतात) बदलला असेल तर जुन्या सप्लायच्या केबली नव्याला लावू नका. डब्याकडच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते.

ग्राफिक्स कार्डावर पॉवरचं तोंड असेल तर तिथे केबल हवीच. जीटीएक्स १६५० सारखी ७५ वॅटची बरीच कार्डं स्लॉटमधूनच वीज घेतात, त्यांना वेगळी केबल लागत नाही.

बटणच काम करत नाही अशी शंका आली तर बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना मॅन्युअलमध्ये शोधा, वायर काढा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिनांना क्षणभर स्पर्श करा. मशीन चालू झाली तर कॅबिनेटचं बटण किंवा त्याची वायर खराब आहे.

५. रॅम

काळ्या स्क्रीनचं सर्वाधिक वेळा सापडणारं कारण रॅम आहे, म्हणून इथे घाई नको.

आधी प्रकार जुळतो का बघा. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगवेगळ्या जागी असते. चुकीची रॅम बसतच नाही, आणि बसवायला जोर लागत असेल तर थांबा. एच६१० सारख्या एकाच चिपसेटचे बोर्ड डीडीआर४ मध्येही येतात आणि डीडीआर५ मध्येही. त्यामुळे मित्राच्या एच६१० वर चालली म्हणून तुमच्यावर चालेल असं नसतं.

चार स्लॉट असतील आणि दोन रॅम असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. एकच असेल तर बहुतेक बोर्डांवर दुसऱ्या स्लॉटमध्ये. दोन्ही टोकांना अंगठे ठेवून सरळ दाबा, कडेचे खटके स्वतःहून मिटले पाहिजेत. काही बोर्डांना एकाच बाजूला खटका असतो आणि दुसरी बाजू अर्धवट राहिली तरी लक्षात येत नाही. टॉर्च मारून सोनेरी पट्टी दोन्हीकडे सारखी आत गेली आहे का पाहा.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने घरातली भिंतसुद्धा ओली असते. रॅमच्या सोनेरी पट्टीवर काळपट थर चढतो. पावसाळ्याआधी नीट चालणारी जुनी रॅम अपग्रेडसाठी एकदा काढून परत लावली की मशीन अडते, ती यामुळेच. रॅम सपाट टेबलावर धरा, सोनेरी पट्टीवर पांढरा खोडरबर हलक्या हाताने एका दिशेने फिरवा, कस पूर्ण झटका आणि बोट न लावता परत बसवा. स्लॉटमध्ये कोरडा ब्रश फिरवा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण आत जातात. अथणी-चिकोडीकडे ओलीपेक्षा धुळीचा त्रास जास्त, तिथे आधी ब्रश आणि मग रबर.

आता एकच रॅम लावून चालू करा. नाही झालं तर दुसऱ्या स्लॉटमध्ये. मग दुसरी रॅम, तसंच. जुनी आणि नवी एकत्र चालत नाहीत पण एकेकटी चालतात, असं झालं तर दोन्ही चांगल्या आहेत, फक्त जोडी जमत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) बंद करून बघा. तरीही नाही तर नवी रॅम बदलून घ्यायची तयारी ठेवा.

डीडीआर५ च्या मशीनला पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमची चाचणी घेतो. त्यात स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, आणि मशीन मध्ये एकदा-दोनदा स्वतःच रीस्टार्ट होऊ शकते. दहा-पंधरा मिनिटं हात न लावता थांबा. दर मिनिटाला बटण दाबून बंद केलं तर ही चाचणी कधीच पूर्ण होत नाही.

६. मॉनिटरची केबल कुठे लावली आहे?

ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही. कार्ड नसेल तर प्रोसेसरचं नाव नीट वाचा. इंटेलच्या नावाशेवटी "एफ" असेल, जसं आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. रायझन ५ ५६०० मध्येही नसतं, ५६००जी मध्ये असतं. स्वस्त मिळाला म्हणून "एफ" घेतलेला प्रोसेसर आणि कार्ड नसलेली मशीन कितीही दुरुस्त केली तरी डिस्प्ले देणार नाही. उद्यमबागकडे शिकणाऱ्या मुलांच्या खोल्यांत हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी त्यांना कुणीतरी बोर्ड बदलायला सांगितलेलं होतं.

जुना मॉनिटर फक्त व्हीजीए केबलचा असेल तर नव्या कार्डांवर ते तोंडच नाही. एचडीएमआयपासून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लागतो, आणि त्यात चिप असलेला हवा, नुसती वायर असलेला चालत नाही. तपासणीपुरता घरातला टीव्ही एचडीएमआयने लावून बघितलात तर शंका लगेच मिटते. मॉनिटरच्या मेनूत इनपुटही योग्य निवडा.

कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसलं आहे का, मागच्या पट्टीचा स्क्रू लावल्यावर कार्ड तिरकं होऊन वर उचललं जातंय का, हेही बघा.

७. प्रोसेसर आणि बायोस

सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) जुळतं म्हणून प्रोसेसर चालेलच असं नाही. हे वाक्य मी प्रत्येकाला खरेदीआधी सांगते.

एएमडीचा एएम४ सॉकेट घ्या. बी४५० चे बोर्ड २०१८ मध्ये आले, रायझन ५००० मालिका नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. बोर्डावर तेव्हाचंच जुनं बायोस असेल तर नवा रायझन ५ ५६०० बसतो, पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी राहते. इंटेलकडे एलजीए११५१ हे नाव दोन पिढ्यांना आहे. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डात आठवी-नववी बसते, पण चालत नाही, आणि इथे बायोस अपडेटचाही उपयोग नाही. एलजीए१७०० च्या सुरुवातीच्या एच६१०, बी६६० बोर्डांना तेराव्या-चौदाव्या पिढीसाठी नवं बायोस लागतं.

काय करायचं: बोर्डाच्या कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावर सीपीयू सपोर्टची यादी असते. तिथे तुमचा प्रोसेसर शोधा, समोर कोणत्या आवृत्तीपासून चालतो ते लिहिलेलं असतं. बोर्डावर रिव्हिजन नंबर छापलेला असेल तर तोही जुळवा.

जुना प्रोसेसर हाताशी असेल तर तो लावा, पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून बायोसची फाइल टाका आणि बायोसमधूनच अपडेट करा. अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड खरोखर निकामी होऊ शकतो. म्हणून हे काम बॅटरी चांगली असलेल्या यूपीएसवरच करा, वळवाच्या पावसात संध्याकाळी तर नकोच. जुना प्रोसेसर विकला असेल तर बोर्डाच्या मागे फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघा. ते असेल तर प्रोसेसरशिवायही अपडेट होतं, फक्त फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलंच नाव द्यावं लागतं. दोन्ही नसेल तर दुकानात जा आणि "फक्त बायोस अपडेट करून द्या" असं स्पष्ट सांगा.

प्रोसेसर काढून परत बसवायचा असेल तर पिनांची काळजी घ्या. एएम४ च्या पिना प्रोसेसरला असतात, इंटेलच्या आणि एएम५ च्या सॉकेटमध्ये. एएम४ वर कूलर सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. आधी कूलर हलके डावी-उजवीकडे फिरवून सैल करा, मग उचला. नव्या कूलरच्या तळाचं पातळ प्लॅस्टिक काढलं आहे ना, आणि पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवर आहे ना, हे तपासा.

८. बायोस रीसेट

जुन्या पार्टसाठी केलेल्या सेटिंग नव्याला अडवतात. पॉवर केबल काढा, सेल काढून पाच मिनिटं थांबा आणि परत लावा. किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिना जोडा. मल्टिमीटर असेल तर सेल मोजा. नवा ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो, २.७ च्या खाली असेल तर बदला. रीसेट करण्यापूर्वी बायोस उघडत असेल तर प्रत्येक पानाचा फोटो काढा. रीसेटने डिस्कची आणि सुरक्षेची सेटिंग बदलू शकते, त्याचा परिणाम दहाव्या पायरीत दिसतो.

९. मोजक्या पार्टवर, कॅबिनेटबाहेर

इथपर्यंत काही जमलं नसेल तर बोर्ड बाहेर काढून त्याच्याच खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, २४ पिनांची आणि प्रोसेसरची केबल, बस. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तरच कार्ड. डिस्क, यूएसबी, पुढच्या बाजूच्या वायरी काही नको. चालू करायला चौथ्या पायरीतल्यासारखा स्क्रू ड्रायव्हरने पॉवरच्या दोन पिनांना स्पर्श करा.

बाहेर चालू झाली तर दोष कॅबिनेटमध्ये आहे. बोर्डाखालचा पितळी स्टँड चुकीच्या जागी असतो आणि मागून शॉर्ट होतो, किंवा मागच्या पत्र्याची जीभ एखाद्या पोर्टमध्ये घुसलेली असते. बाहेरही चालू झाली नाही तर सप्लाय बदलून बघा. गल्लीतल्या कुणाचा तरी अर्धा तास मिळतोच. तेही झालं आणि तरी काही नाही, तेव्हाच बोर्ड किंवा प्रोसेसरवर संशय घ्या.

१०. बायोस येतं, विंडोज येत नाही

नवी एसएसडी लावल्यावर आधी बायोसमधला बूट क्रम बघा. नव्या डिस्कने पहिला नंबर घेतलेला असतो. "विंडोज बूट मॅनेजर" असं लिहिलेली नोंद वर आणा. जुनी डिस्क यादीतच नसेल तर एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बोर्डावर बसवायची जागा) वापरल्यामुळे साटाचा (डिस्कची केबल लागते तो) एखादा पोर्ट बंद झाला असेल. कुठला पोर्ट बंद होतो ते मॅन्युअलमध्ये असतं, केबल दुसऱ्या पोर्टला लावा.

एक सापळा फार जणांना अडकवतो. विंडोज एसएसडीवर टाकताना जुनी हार्ड डिस्कही जोडलेली असेल तर बूटचा छोटा भाग कधी कधी जुन्या डिस्कवरच राहतो. पुढे ती डिस्क काढली की एसएसडीवर सगळं असूनही मशीन चालू होत नाही. जुनी डिस्क परत जोडून बघा. नव्याने विंडोज टाकायचं झालं तर त्या वेळी फक्त एसएसडी जोडलेली ठेवा.

निळी स्क्रीन येऊन "इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" लिहिलं असेल तर बायोसमध्ये साटाचा मोड बदललेला असू शकतो. एएचसीआय आणि रेड यातला पूर्वीचा पर्याय परत लावा. जुनं विंडोज लेगसी, म्हणजे जुन्या बूट पद्धतीने टाकलेलं असेल आणि आता बायोसमध्ये सीएसएम (ती जुनी पद्धत चालू ठेवणारी सेटिंग) बंद असेल तर ते सुरू करून बघा.

आता बिटलॉकर. नव्या लॅपटॉपवर आणि विंडोज ११ च्या नव्या इन्स्टॉलेशनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असू शकते, घरच्या आवृत्तीतसुद्धा. प्रोसेसर किंवा बोर्ड बदलला, टीपीएम रीसेट झालं, की ४८ आकडी की मागितली जाते. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने मशीन सुरू केली त्या खात्यात मोबाइलवरून लॉगइन केल्यावर की सापडते. एएमडीच्या बोर्डावर प्रोसेसर बदलल्यावर एफटीपीएम (प्रोसेसरमधलंच टीपीएम) रीसेट करायचं का, वाय की एन, असा प्रश्न येतो. की हातात नसेल तर एन दाबा. वाय दाबलं आणि की नसली तर डिस्कवरचे लग्नाचे फोटो, सातबाराचे स्कॅन, मुलांचे प्रोजेक्ट परत मिळवायचा मार्ग राहत नाही.

दुकानाचे हिशेब टॅलीवर असतील तर बोर्ड किंवा डिस्क बदलण्याआधी लायसन्स सरेंडर करा, नंतर ते पुन्हा सुरू करणं सोपं जातं. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवर चालत असेल तर तो डोंगल काढून जपून ठेवा. बोर्ड बदलल्यावर विंडोज ॲक्टिव्हेट नाही असं दाखवेल, ते खात्याशी जोडलेलं असेल तर ट्रबलशूटरमधून परत होतं. मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन्स मात्र जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं.

११. दुकानात किंवा वॉरंटीत देताना

पहिल्या पायरीचा कागद बरोबर न्या. "रॅम एकेकटी तपासली, बायोस रीसेट केलं, सप्लाय बदलून बघितला, सीपीयूचा दिवा लागून राहतो" एवढं सांगितलं की समोरचा अण्णा तुमच्याशी वेगळ्या पद्धतीने बोलतो. डिस्क काढून घरी ठेवा. ती द्यावीच लागली तर "फॉरमॅट करू नका" असं पावतीवर लिहून घ्या. दिलेल्या प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर पावतीवर हवा.

बोर्ड वॉरंटीत पाठवताना सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण लावा. ते नसलं आणि वाटेत पिना वाकल्या तर कंपन्या वॉरंटी नाकारतात. म्हणून नवा बोर्ड उघडताना ते झाकण फेकू नका.

राज्याच्या सीमेपलीकडून घेतलेल्या वस्तूबद्दल एक शंका मला नेहमी विचारली जाते. बिलावरचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत असेल तर पार्ट महाराष्ट्रात नोंदलेल्या विक्रेत्याचा आहे, २९ ने होत असेल तर कर्नाटकातल्या. वॉरंटीसाठी बिल पक्कं असणं महत्त्वाचं, कोणत्या राज्याचं ते नाही. विक्रेता दाद देत नसेल तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही जाता येतं. म्हणजे कोल्हापुरात घेतलेल्या किंवा पुण्याहून मागवलेल्या पार्टसाठी निपाणीच्या माणसाला तिकडे खेटे घालावे लागत नाहीत, तक्रार बेळगाव जिल्ह्यातच दाखल होते. बिल, सीरियल नंबरचा फोटो आणि विक्रेत्याशी झालेलं व्हॉट्सअॅपवरचं बोलणं जोडायला विसरू नका.